जरा धर हा डबा

पांढरकवड्याच्या आमच्या देवळामागं पाच-सहा घरं आहेत. देऊळ म्हणजे चर्च. आम्ही ख्रिस्ती माणसं जुन्या सवयीनं देऊळच म्हणतो. त्या घरांतल्या कोणाकडं भाजी नसली की बायका एकमेकींना म्हणत, "जाय, मामाशी भांडून ये." म्हणत चेष्टेनं, पण त्यात खोटं काही नव्हतं. सकाळी मामांशी कोणी भांडलं की दुपारच्या आत त्याच्या दारात स्टीलचा डबा यायचा. आत कधी अंबाडीची भाजी, कधी झुणका, कधी नुसतं आलू-वांगं. मामा स्वतः घेऊन यायचे आणि म्हणायचे, "सकाळी आपलं झालं ना, त्याची ही भाजी." चूक कोणाची होती, हा विषय ते काढतच नसत. एकदा शेजारच्या बाईच्या बकरीनं त्यांच्या मेथीचा वाफा साफ केला. बाई उलट यांच्यावरच ओरडली, की कुंपण नीट घालता येत नाही का. दुपारी तिच्याकडं डबा गेला. मेथी संपली होती म्हणून त्यात वांगी होती.

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. मिशनच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते, जखमा धुण्याचं आणि पट्ट्या बांधण्याचं काम. दवाखाना बंद पडला, सगळे पांगले, मामा मात्र देवळामागच्या एका खोलीत राहिले. बायको फार लवकर गेली होती, मूल नव्हतं. देवळाची घंटा वाजवणं, सतरंज्या झटकणं आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीनं पोळी आणि रस वाटण्याच्या विधीची, तयारी करणं ही कामं त्यांनी न सांगता अंगावर घेतली.

ती तयारीही त्यांच्याच तऱ्हेची असे. शुक्रवारी मनुका भिजत घालायचे, शनिवारी त्यांचा रस काढायचा. रविवारी पहाटे उठून बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या कणकेची, पोळी करायची आणि तिचे चौकोनी तुकडे कापायचे ते दवाखान्यातल्या जुन्या कात्रीनं, कात्री वीस मिनिटं उकळून. नवे पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, आले तेव्हा त्यांनी कात्री पाहून विचारलं, "मामा, हे काय?" मामा म्हणाले, "हिनं लई जखमा पाहिल्या, साहेब. हिले समजते." पाळकसाहेब तरुण होते. पुढं त्यांनाही सवय झाली.

त्याच पाळकसाहेबांनी एकदा बायबल वर्गात विचारलं, कृपा म्हणजे काय, आपापल्या शब्दांत सांगा. आम्ही सगळ्यांनी पाठ असलेली व्याख्या सांगितली. मी सर्वांत नीट सांगितली. मामांची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ डोकं खाजवत बसले. मग म्हणाले, "जखम धुताना पेशंट शिव्या देते. आपल्याले, आपल्या मायबापाले. तरी आपण धूतच राह्यतो. तशातलं कायतरी असंल." वर्गात हशा पिकला. मीही हसलो.

जखमांशी ते बोलत असत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हायवे गावाला लागूनच असल्यानं ट्रकवाले हाती-पायी फुटून यायचे. दवाखाना बंद झाल्यावरही जुने ड्रायव्हर मामांची खोली शोधत येत. मामा जखमेवर वाकून हळू आवाजात म्हणायचे, "हं, झालं ना आता. सोड राग." पंजाबातला एक आडदांड ड्रायव्हर हे ऐकून माझ्याकडं पाहायला लागला, याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं. जखम मात्र त्याची भरली.

सर्वांत मोठा वैताग होता तो त्यांच्या शनिवारच्या फेरीचा. प्रभुभोजन घेण्याआधी भावाशी समेट करावा, असं आम्हाला शिकवलेलं आहे. आम्ही ते डोळे मिटून मनातल्या मनात उरकतो. मामा अंगात धुतलेला सदरा घालून गावभर फिरायचे. बँकेचा वॉचमन हा दहा एकर कपाशीचा धनी, माळकरी माणूस, त्याचा आमच्या प्रभुभोजनाशी काय संबंध? पण मामा त्याच्यापुढं उभे राहून सांगायचे, "मंगळवारी तुम्ही मले रांगेतून मागं पाठवलं ना, तवा म्या मनात तुम्हाले बैल म्हणलं. माफ करा." वॉचमनला मंगळवार आठवतही नसे. आता आपल्याला बैल म्हटलं गेल्याचं कळल्यावर तो खवळायचा. मग भांडण, मग दुपारी डबा. तो एकदा मला म्हणाला, "तुमच्या मामाले सांगा ना, मनातलं मनातच ठेवत जा म्हणा. भाजी चांगली करतेत, पण कायले हे?"

खोटं ते बोलत नसत. पण खरं बोलण्याच्या त्यांच्या तऱ्हा होत्या. पाळकसाहेबांनी एकदा विचारलं, "मामा, कालचा उपदेश कसा झाला?" मामा म्हणाले, "काल लाइन गेली नाही, पंखे मस्त चालले." यातला एक शब्दही खोटा नव्हता. ही तऱ्हा मी तेव्हा लक्षात घेतली असती तर पुढं मला इतकं खाली पाहावं लागलं नसतं.

आता माझं सांगतो, कारण ते टाळून मामांचं सांगता येणार नाही.

मी तहसील कचेरीत कारकून होतो आणि बावीस वर्षं आमच्या मंडळीच्या, म्हणजे देवळाच्या सभासदांच्या, पंचकमिटीचा सेक्रेटरी. नियम म्हणजे नियम, हे वाक्य माझ्या तोंडी इतकं होतं की पोरं मागून माझी नक्कल करायची. आमच्या मंडळीचा एक नियम असा, की कोणी मंडळीबाहेर, देवळात विवाह न लावता लग्न केलं, तर त्यानं मंडळीपुढं उभं राहून कबुली देईपर्यंत त्याला प्रभुभोजन द्यायचं नाही. माझ्या मुलीनं दिग्रसच्या एका बंजारा मुलाशी रजिस्टर लग्न केलं. मुलगा चांगला. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी, वागण्यात नम्र, आमच्या घरी येऊन दोनदा माझ्यापुढं खाली मान घालून बसलेला. मी ऐकलं नाही. पंचकमिटीत तिचं नाव कमी करण्याचा ठराव कोणी मांडावा, असा प्रश्न आला. बाकीचे पंच माझ्या तोंडाकडं पाहू लागले. तेव्हा ठराव मीच मांडला. लोक म्हणाले, वा, याला म्हणतात शिस्त, घरापासून सुरुवात केली. मला ते ऐकून बरं वाटलं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं होतं.

चार वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. बायको मागच्या अंगणात जाऊन फोनवर बोलायची आणि मी पेपर मोठ्यानं उलटायचो.

मग एका पहिल्या रविवारी ती देवळात आली. फेब्रुवारी महिना होता. उपासना सुरू झाल्यावर मागच्या दारानं येऊन ती बायकांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसली. मांडीवर तीन वर्षांची मुलगी. माझी नात, जी मी तोवर पाहिली नव्हती. हिला, म्हणजे माझ्या बायकोला, ती येणार हे ठाऊक असावं, कारण त्या दिवशी हिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

पोळीचं तबक घेऊन ओळींतून फिरणं हे सेक्रेटरीचं काम. मी पुढून मागं वाटत गेलो. शेवटच्या सतरंजीपाशी आलो तेव्हा तिनं हात पुढं केला. उजवा तळहात वर, डावा त्याच्या खाली. बाप्तिस्म्याच्या वर्गात ती बारा वर्षांची असताना मीच तिला शिकवलं होतं, की देवाकडून घेताना एका हातानं घ्यायचं नाही, असं घ्यायचं. मी त्या हाताकडं पाहिलं आणि तबक पुढं नेलं. तिच्या शेजारच्या म्हातारीला दिलं आणि वळलो.

देवळात कोणी हललं नाही. तिचे हात तसेच राहिले. मी पाठमोरा होतो, पण मला ते दिसत होते.

मामा दाराजवळ घंटेच्या दोरीखाली बसायचे. त्यांचा तुकडा त्यांना मिळाला होता, तळहातावर होता. ते उठले. त्यांचे गुडघे वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं. पुरुषांच्या बाजूनं बायकांच्या बाजूला कोणी प्रभुभोजनाच्या वेळी जात नाही. मामा गेले. आपला तुकडा त्यांनी मधोमध मोडला आणि अर्धा तिच्या हातावर ठेवला. "घे माय," ते म्हणाले. मग माझ्याकडं पाहून, जणू मी पोळी कमी पडेल म्हणून घाबरलो होतो, असं म्हणाले, "पुरते."

ती रस वाटण्याआधीच मूल उचलून निघून गेली. अर्धा तुकडा तिच्या मुठीत होता.

पंचकमिटीची बैठक गुरुवारी झाली. प्रतिबंध असलेल्या व्यक्तीस प्रभुभोजन दिल्याबद्दल मामांना सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवावं, असं ठरलं. पाळकसाहेब म्हणत होते की समज देऊन सोडू. मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. पत्र मी लिहिलं आणि मीच नेऊन दिलं. मामांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, "अक्षर लई सुंदर आहे तुहं." मग विचारलं, "पोळी मीच करू ना पण?"

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. परत बैठक घेतली. ज्याला खायची बंदी त्यानं करावी की नाही, यावर तासभर चर्चा झाली. शेवटी एका पंचानं सांगितलं की आपल्या घरच्या बायकांच्या बेखमीर पोळ्या कडक होतात, कापताना तुटतात. तेव्हा पोळी मामांनीच करावी, खाऊ नये, असा ठराव झाला. तोही माझ्या अक्षरात आहे.

पत्र दिलं त्याच दुपारी माझ्या दारात डबा आला. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी. "आपलं झालं ना, त्याची," मामा म्हणाले. मी डबा घेतला, ते जाईपर्यंत थांबलो आणि भाजी शेजारच्या बकरीपुढं ओतली. डबा रिकामा परत पाठवला. आमच्याकडं भांडं रिकामं परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, ठाऊक होतं म्हणूनच मी तसं केलं. दुसऱ्या दिवशी मामा भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "बकरीले तरी आवडली ना?" त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

सहा महिने ते दर पहिल्या रविवारी पहाटे पोळी करत. कात्री उकळत, तुकडे कापत, तबक पांढऱ्या फडक्यानं झाकून माझ्या हातात देत. मग घंटेखाली जाऊन बसत. तबक त्यांच्यासमोरून जाई तेव्हा ते मान खाली घालत नसत. वाटणाऱ्याकडं पाहून हसत. वाटणारा मीच होतो.

याच सुमारास त्यांना एक नवीन खोड लागली. पंचाहत्तरी उलटल्यानं एसटीचा प्रवास त्यांना फुकट झाला होता. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देई, त्याचं मामांना भारी अप्रूप. महिन्यातून एखाद्या दिवशी सकाळीच ते बसस्टँडकडं निघत, हातात तोच डबा, आणि वाटेत माझ्या घरी थांबत. "जरा धर हा डबा," म्हणत माझ्या हातात देत आणि पायरीवर बसून चपलेचा पट्टा नीट करत. पट्ट्याला काही झालेलं नसे. नीट करून झाला की डबा माझ्या हातून घेत आणि निघत. मी विचारी, "कुठं चालले?" ते म्हणत, "यवतमाळच्या गाडीनं चाललो." मला वाटे, जुना कोणी पेशंट असेल. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, खाली ठेवा ना डबा, पायरी आहे ना." ते म्हणाले, "खाली नोको. तूच धर." मी धरला. गरम होता.

संध्याकाळी परत येताना ते तोच डबा घेऊन पुन्हा आमच्याकडं. आत काहीतरी असे. कधी सीताफळं, कधी मक्याची कणसं, कधी बोरं, थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा. "एका लेकीनं देले, ठेवून घे," म्हणत. गावातल्या प्रत्येक बाईला ते लेक म्हणत, त्यामुळं मी काही विचारलं नाही. बायको शेंगा मीठ घालून उकडायची आणि माझ्यापुढं ताट ठेवून समोरच बसायची. "खा," म्हणायची. "सगळ्या खा." मी खाल्ल्या. चांगल्या होत्या.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. त्या फेब्रुवारीपासून मलाही प्रभुभोजन घेता आलं नव्हतं. बंदी नव्हती, घशाखाली उतरत नव्हतं. सर्वांना वाटून झालं की माझा तुकडा मी खिशात टाकी. रसाचा पेला ओठांना लावी आणि भरलेलाच लाकडी ट्रेमध्ये परत ठेवी. लोकांना वाटे घेतला. माझ्या मनाला मी सांगत होतो, की मुलीच्या दुःखामुळं असं होत असेल. लाजेला मी दुःख म्हणत होतो.

मामांची बंदी उठली त्या रविवारी उपासनेनंतर मी आतल्या खोलीत कुलूप लावायला गेलो. मामा पेले धूत बसले होते. बादली, राख, फडकं. त्यांनी एक पेला उचलून माझ्यापुढं धरला. भरलेला होता.

"सात महिने झाले, हा एक भरूनच येते," ते म्हणाले. "पहिले वाटलं एखादं लेकरू लाजलं असंल. मंग पाह्यलं, तर तुह्या ट्रेमधला."

मी दार लोटून घेतलं.

"मले त कमिटीनं थांबोलं," मामा म्हणाले. "तुले कोणं थांबोलं?"

आवाजात राग नव्हता. जखमेवर वाकल्यावर त्यांचा जो आवाज असे तोच होता. मी कुलूप हातात घेऊन उभा राहिलो. त्यांनी रस बाहेर नेऊन पेरूच्या झाडाच्या मुळाशी ओतला, पेला धुतला, पुसला. मग म्हणाले, "दिग्रसले जाय."

मी म्हणालो, "जातो."

मी गेलो नाही. ते विचारत, "गेलता का?" मी म्हणे, "या रविवारनंतर." मग म्हणे, "दिवाळी होऊ द्या." मग, "नाताळाची गडबड आहे." तिनं दार उघडलं नाही तर काय, याची मला भीती होती. उघडलं तर काय बोलू, याची त्याहून जास्त. मामा प्रत्येक वेळी मान हलवत आणि आपला डबा घेऊन यवतमाळच्या गाडीनं निघत. माझ्या पायरीवर थांबून, मला डबा धरायला लावून.

नाताळानंतर चौथ्या दिवशी त्यांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. शेवटच्या दुपारी मी त्यांच्यापाशी होतो. मला पाहून त्यांनी ओठ हलवले. मी कान नेला. "गेलता का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "जाऊन राह्यलो, मामा." हेही खोटंच होतं. त्यांनी डोळे मिटले.

माती दिल्यावर खोलीतल्या वस्तूंची यादी करायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडं आलं. यादी लहान होती. दोन सदरे, कात्री, स्टोव्ह, चार भांडी, तो डबा. झाकणावर त्यांच्या बायकोचं नाव कोरलेलं. आणि बायबल. ते उघडलं तर पानापानांतून एसटीची तिकिटं गळायला लागली. शून्य रुपयाची. पांढरकवडा ते यवतमाळ. यवतमाळ ते दिग्रस. दिग्रस ते यवतमाळ. मी खाटेवर बसलो. यादीत मी लिहिलं, "डबा, एक", आणि मग ते खोडून डबा घरी आणला.

दुसऱ्या दिवशी मी भाजी केली. आयुष्यात पहिल्यांदा. वांगी चिरली, तेल जास्त झालं, मीठ दोनदा पडलं असावं. बायको दारात उभी राहून पाहत होती. तिनं एकदाही मधे हात घातला नाही, फक्त म्हणाली, "झाकण घट्ट लावा, सांडते गाडीत." मी विचारलं, "तुला ठाऊक होतं?" ती म्हणाली, "तुम्ही शेंगा खायचे तवा मी कायले समोर बसत होती?"

यवतमाळला गाडी बदलली. दिग्रसला उतरून विचारत विचारत गेलो. दार उघडंच होतं. एक चार वर्षांची मुलगी उंबऱ्यावर बसून मटार सोलत होती. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. डब्याकडं पाहिलं आणि आत वळून ओरडली, "मम्मी, भाजीवाले आबा आले." मग वर पाहिलं आणि गोंधळली. डबा ओळखीचा होता, माणूस नव्हता.

माझी मुलगी बाहेर आली. मी तिला तिथंच सांगितलं की मामा गेले. ती भिंतीला टेकून उभी राहिली. आईनं फोनवर सांगितलं असेल, असं मला वाटलं होतं. पण बायकोनं ते सांगणं मुद्दाम माझ्यासाठी ठेवलं होतं. मुलगी रडली, मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "या आत."

तिनं डबा उघडला, भाजीकडं पाहिलं, बोटानं चव घेतली. "ही मामांची नाही," म्हणाली.

"मी केली."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं सांगितलं. मामा पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, हा डबा तुझ्या बापाच्या हातून घेऊन आलो. "मी त रडली त्या दिवशी. पोटभर खाल्ली. दुसऱ्या खेपेला विचारलं, मामा, बाबांनी खरंच पाठोली का? मामा म्हणाले, पाठोली असं म्या कुठं म्हणलं? त्याच्या हातातून घेतला, एवढं खरं आहे. गरम होता, तरी धरला त्यानं." तिनं बोट पदराला पुसलं. "मंग मले समजलं. पण म्या त्यांना येऊ देलं. आन डबा रिकामा नाही पाठोला कधी. शेतातलं जे असंल ते तुमच्यासाठी टाकत होती. पोचत होतं ना?"

"पोचत होतं," मी म्हणालो. "सगळं खाल्लं."

चपलेचा तो पट्टा. दर महिन्याला, माझ्याच पायरीवर. खोटं बोलायला लागू नये म्हणून तो म्हातारा माझ्याकडून माझ्याच नावाची भाजी धरून घेत होता, आणि मी त्याला म्हणालो होतो, खाली ठेवा ना. मला तिच्या घरातल्या फरशीकडं पाहण्यावाचून काही सुचेना. मामांना मिळालेल्या पत्राचं मी तिला सांगितलं. तिला ठाऊक नव्हतं, मामा कधी बोलले नव्हते. सहा महिन्यांचं, पोळीचं, ठरावाचं, माझ्या अक्षराचं सगळं सांगितलं. बकरीचंही सांगितलं. ती ऐकत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी मी तबक पुढं नेलं. चुकलं माझं."

तिनं पोरीचे मटार उचलून आत ठेवले. मग म्हणाली, "तो अर्धा तुकडा म्या बसस्टँडवर खाल्ला, बाबा. बाकावर बसून. पोरीले पण थोडा देला." एवढंच. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मी ते म्हणवून घ्यायला थांबलोही नाही.

जावई कामावर होता. तो यायच्या आत मी निघायला उठलो आणि त्याचंही मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी त्याच्यापुढं बसायचं आहे. मुलीनं माझी भाजी तिच्या पातेल्यात काढून घेतली, डबा घासला आणि परसात गेली. परत आली तेव्हा तुरीच्या शेंगा दाबून भरल्या होत्या, झाकण बसत नव्हतं.

मी हात पुढं केला. तिनं डबा मला दिला नाही. ती खाली वाकली आणि पोरीला म्हणाली, "जरा धर हा डबा."

पोरीनं दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग आईनं मानेनं खूण केली तशी दोन पावलं पुढं आली आणि माझ्यापुढं धरून उभी राहिली.

"आईले सांगा, नातीच्या हातून घेतला," मुलगी म्हणाली. ती माझ्याकडं पाहत नव्हती.

मी घेतला. उजवा तळहात वर होता, डावा त्याच्या खाली.